आधी बाथरूम, पाडव्याला ट्रॉल्या, आणि लोन अजिबात नको

डोंबिवलीहून एका ताईंचा मोठा मेल आलाय. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बिल्डिंग सतरा वर्षं जुनी, स्वतःचा वन बीएचके, मिस्टर ऐरोलीला प्रायव्हेट नोकरीत, हातात येतात महिना ६८,०००. होमलोनचा हप्ता २१,४००, अजून ९ वर्षं बाकी. लेक सहा वर्षांची, मुलगा दोनचा. मुलगा झाल्यावर ताईंनी सीएच्या ऑफिसातली नोकरी सोडली. घरखर्च शाळेच्या फीसकट ३६,००० आणि एक जुनी एंडोमेंट पॉलिसी वर्षाला २४,००० ची. बँकेत एफडी २ लाख ६० हजार. गौरी यांच्याकडे बसतात, सगळे सासरचे येतात, म्हणून गणपतीआधी घर नीट करायचंय. शोरूमवाल्याने मॉड्युलर किचनचं कोटेशन ३ लाख ४५ हजार दिलंय, बाथरूम १ लाख १० हजार, रंग आणि टीव्ही युनिट ८५ हजार. एकूण ५ लाख ४०. त्यासाठी २ लाख ४० ची एफडी मोडायची आणि ३ लाखाचं पर्सनल लोन काढायचं असं ठरतंय. प्रश्न असा की, "मी कमवत नाही, निदान घर तरी छान ठेवावं असं वाटतं, पण मुलांसाठी काहीच साठवलेलं नाही याचंही टेन्शन येतं, आधी काय करू?"

ताई, आधी तुमच्याच आकड्यांची वजाबाकी करू या कारण मेलमध्ये सगळे आकडे आहेत पण ते एकाखाली एक मांडलेले नाहीत. ६८ मधून २१,४०० गेले, ३६ हजार गेले, पॉलिसीचे महिन्याला २ हजार गेले, उरले ८,६००. आता ३ लाखाचं पर्सनल लोन, तुम्हाला सांगितलेला १३ टक्के दर, ३ वर्षं, हप्ता येतो साधारण १०,१००. म्हणजे पहिल्याच महिन्यात दीड हजार कमी पडणार, आणि यात तुमची २ हजाराची भिशी मी अजून धरलेलीच नाही. ते पैसे कुठून येणार? क्रेडिट कार्डावरून येणार, दुसरं काय. आणि ३ वर्षांत ६४ हजारांच्या आसपास व्याज जाईल ते वेगळंच.

मिस्टर म्हणतायत की होमलोनवर टॉपअप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज घेऊ, व्याज कमी पडेल. दर कमी असतो हे खरंय. साडेनऊ टक्क्यांनी ९ वर्षांसाठी ३ लाख घेतले तर हप्ता ४,१५० च्या आत बसतो, बघायला एकदम हलका वाटतो. पण ९ वर्षांत व्याज जातं १ लाख ४७ हजार. म्हणजे तुमची लेक पंधराची होईल, दहावीच्या उंबरठ्यावर असेल, आणि तुम्ही अजून ट्रॉल्यांचे पैसे फेडत असाल, आणि तोवर त्या ट्रॉल्यांचे चॅनेल पण एकदा बदलून झालेले असतील.

त्यापेक्षा मला जास्त भीती एफडीची वाटते. तुमच्या घरात एकच पगार येतो. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५७,४०० लागतात, म्हणजे ही २ लाख ६० हजारांची एफडी म्हणजे तुमचे साडेचार महिने आहेत. ती मोडून २० हजार उरले तर दहा-अकरा दिवस. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी मुलगी लहान असताना मीही घरी होते आणि आम्ही एफडी मोडून हॉलचं फर्निचर केलं, सोफा कम बेड, शोकेस, सगळं मस्तपैकी, आणि पाचच महिन्यांत यांच्या कंपनीत पगार थकायला लागले, सलग तीन महिने. तेव्हा त्या नव्याकोऱ्या सोफ्यावर बसून मी गंठण कुठे ठेवायचं याचा विचार करत होते. सोडवलं नंतर, पण दीड वर्षाने.

आता कामाचं बोलू. तुमच्या यादीतलं एकच काम खरंच थांबण्यासारखं नाही आणि ते तुम्ही मेलमध्ये चौथ्या परिच्छेदात एका ओळीत उरकलंय, "खालच्या काकू म्हणतात त्यांच्या छताला ओल येते". ताई हे आधी! सतरा वर्षं जुनं बाथरूम, नहाणी ट्रॅपच्या भोवती पाणी झिरपत असणार, सळ्या गंजल्या की खर्च लाखावरून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि काकूंशी संबंध बिघडतील ते वेगळं. आणि बाथरूमच्या पलीकडची बेडरूमची भिंत फुगलीय म्हणता ना, तिच्यावर आत्ता रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीला फासणंच. गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग रंग. तोपर्यंत गौरींच्या मागे छान साडीचा पडदा लावा, आपण सगळ्या तेच करतो.

बाथरूमचं कोटेशन १ लाख १० चं आहे त्यात पीव्हीसी फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन आणि इंपोर्टेड शॉवर सेट आहे. ते काढा. जुनी लादी फोडून, वॉटरप्रूफिंग, कोबा, नवी पाइपलाइन, साध्या अँटिस्किड टाइल्स, एवढंच ठेवलं तर ८० ते ९० हजारांत बसायला हवं, अजून दोन जणांकडून कोटेशन घ्या. फोडाफोडीच्या आधी सोसायटीला पत्र द्या. आणि एक गोष्ट कोटेशनवरच लिहून घ्या, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवायच्या आधी, ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये तीन-चार इंच पाणी भरून ४८ तास ठेवायचं. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खाली जाऊन काकूंच्या छताला हात लावून बघा. मिस्त्री म्हणेल काही गरज नाही मॅडम, आपली गॅरंटी आहे. त्याची गॅरंटी त्याच्याकडे राहू दे, पाणी भरायचंच. शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे ही टेस्ट झाल्याशिवाय द्यायचे नाहीत.

पैसे कुठून, तर तुमच्या एफडीच्या दोन पावत्या आहेत, १ लाखाची आणि १ लाख ६० ची. फक्त १ लाखाची मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कापतील, ते चालेल. आणि तो खड्डा भरणार आहे तुमच्याच नावावरच्या महिला सन्मानने (बायकांसाठीची सरकारी दोन वर्षांची बचत योजना). तुम्ही ते खातं मार्च २०२५ मध्ये, स्कीम बंद व्हायच्या अगदी तोंडावर उघडलंत, १ लाख टाकलेत, साडेसात टक्के. मार्च २०२७ ला १ लाख १६ हजार २२ रुपये हातात येतील. वर्ष झाल्यावर त्यातले ४० टक्के काढता येतात पण काढू नका, आणि आल्यावर ते जसेच्या तसे परत एफडीत, फक्त या वेळी वेगळ्या बँकेत. सध्याची तुमची को-ऑपरेटिव्ह बँक आहे, ५ लाखापर्यंत विमा असतो त्यामुळे पैसे बुडायची भीती नाही, पण बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे मिळायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि अडीनडीचे पैसे नव्वद दिवसांनी मिळून काय करायचंय.

आता किचन. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. ग्रॅनाइटचा ओटा चांगला धड आहे, खाली कडप्प्याचे खण आहेत, ते अजून वीस वर्षं हलणार नाहीत. शोरूमवाला हे सगळं फोडून प्लायचे बॉक्स बसवणार आणि त्याचे ३ लाख ४५ घेणार, त्यात १८ टक्के जीएसटी. अहो, डोंबिवलीत ट्रॉलीवाल्यांची काय कमी आहे? कडप्पा तसाच ठेवून आत स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून शटर, ६० हजारांचं बजेट सांगायचं आणि त्यात जेवढं बसेल तेवढंच करायचं. सिंकखालच्या शटरला मात्र मरीन प्लायच घ्या, शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघून, साधा एमआर प्लाय तिथे दोन पावसाळ्यांत फुगतो. आणि ट्रॉलीवाला मॅग्नेट लावून दाखवेल, बघा चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील. फसू नका, २०२ पण चिकटत नाही आणि गंज तोच धरतो. बिलावर ग्रेड लिहून मागा, लिहायला कां कू करत असेल तर पुढच्या दुकानात.

हे गणपतीआधी नाही, गुढीपाडव्याला. कारण पैसे तेव्हा होतात. नोव्हेंबरला तुमचा भिशीचा नंबर आहे, बारा जणी दोन-दोन हजार, २४,००० येतील. महिन्याच्या ८,६०० मधून भिशी गेल्यावर ६,६०० उरतात, ते सध्या कुठे जातात तुम्हालाही सांगता येत नाहीये (कोणालाच येत नाही, ते जातात). त्यातले १,४०० आजच बाजूला काढा, कशासाठी ते पुढे सांगते, उरलेल्या ५,२०० ची सात महिन्यांची आरडी करा, ३६,४०० होतात. झाले की ६० हजार. टीव्ही युनिट मी यादीतून खोडलंय, टीव्ही भिंतीवर आहे तो तिथेच बरा आहे.

ते १,४०० मिस्टरांच्या टर्म इन्शुरन्ससाठी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. तुम्ही पॉलिसी आहे म्हणालात पण ती साडेचार लाखांची आहे ताई, त्यात होमलोनसुद्धा फिटत नाही. छत्तीस वर्षांच्या, सिगरेट न ओढणाऱ्या माणसाला १ कोटीचं टर्म साधारण एवढ्यात बसायला हवं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. किचनच्या आधी हे, खरं तर बाथरूमच्याही आधी. जुनी पॉलिसी घाईने मोडू नका, अकरा वर्षं भरलीय, सरेंडर केली तर किती आणि पेडअप केली (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर किती हे लेखी मागवा आणि मला पाठवा, मग बघू.

मुलांचं. सुकन्या समृद्धी उघडा, दहा वर्षांच्या आत उघडता येतं, तुमची लेक सहाची आहे. जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के केला, सरकार दर तिमाहीला बघतं. पण एजंट जो मॅच्युरिटीचा मोठा आकडा दाखवतो तो खातं उघडल्यापासून २१ वर्षांचा असतो, म्हणजे लेक सत्तावीसची झाल्यावर. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर निम्मेच काढता येतात. महिना १,५०० टाकलेत तर अठराव्या वर्षी खात्यात साडेतीन लाखाच्या आतबाहेर असतील, त्यातले पावणेदोन लाख हातात. इंजिनीअरिंगच्या एका वर्षाची सोय झाली म्हणा. म्हणून आरडी संपली की एप्रिलपासून त्याच ५,२०० मधले १,५०० सुकन्यात आणि २,५०० ची एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) एखाद्या साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात, दोन्ही मुलांच्या शिक्षणासाठी मिळून. एसआयपी खालीवर होणार, दहा वर्षं बघायचीच नाही. "सुकन्यात टाका, टॅक्स वाचेल" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या, नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच पडत नाही, तुमच्या मिस्टरांचा पगार त्याच्या बराच खाली आहे. व्याज टॅक्सफ्री आहे हे मात्र चांगलं.

राहिले १,२००, ते तुमच्या नावावर. वेगळं खातं, ज्याचं एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये. "मी कमवत नाही" हे वाक्य मेलमध्ये तीनदा आलंय म्हणून मुद्दाम सांगते. नुसतं दोन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात ठेवायचं म्हटलं तरी तुमच्या भागात काय घेतात ते शेजारच्या नोकरीवाल्या बाईला विचारा आणि तो आकडा वहीत जमेच्या बाजूला लिहा. आणि मेलच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, तुम्ही लिहिलंय "टॅली येतं मला, पण आता विसरले असेन". सीएच्या ऑफिसात काम केलेली बाई जीएसटी रिटर्न विसरत नाही हो, फॉर्म बदलतात ते परत शिकता येतात. मुलगा जून २०२७ ला बालवाडीत जाईल, तीन तास मिळतील. त्या खात्यात तोवर जे काही साठेल त्यातून टॅलीचा रिफ्रेशर कोर्स करा, आणि जुन्या सरांना एक फोन दिवाळीतच करून ठेवा, शुभेच्छांच्या निमित्ताने. दोन दुकानांचं अकाउंट घरी बसून मिळालं तरी पुरे, मग रंगाचं आणि टीव्ही युनिटचं त्यातून बघू, तेव्हा मी आडवी येणार नाही.

मिस्टरांना हे उत्तर दाखवा, आणि रविवारी मुलं झोपल्यावर दोघं मिळून वही घेऊन बसा. आणि बाथरूमला पाणी भरलं की दोन दिवसांनी काकूंच्या छताचं काय झालं ते मला नक्की कळवा.