अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्याचं माहितीपटांत दिसणारं चित्रीकरण खरं असतं का?

थोडं खरं, बरंचसं नंतर उभं केलेलं. जॉन फोर्ड आणि ग्रेग टोलंड यांच्या १९४३ च्या 'डिसेंबर सेव्हन्थ' या माहितीपटात प्रतिकृती वापरून हल्ला पुन्हा रंगवला होता. तीच दृश्यं पुढे कित्येक ठिकाणी अस्सल म्हणून खपली. कॅमेरा अगदी हव्या त्या जागी असेल, तर शंका घ्याच.

'ॲरिझोना' युद्धनौकेचा स्फोट मात्र खरा आहे. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी 'सोलेस' या इस्पितळ-जहाजावरून एका डॉक्टरने तो टिपला. नौकेचा पुढचा भाग क्षणात आगीच्या लोळात गडप होतो. तुकडा काही सेकंदांचाच, पण त्या एका नौकेवरची १,१७७ माणसं गेली. मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही.