वाचकांचे प्रश्न : खुर्ची एकदा नाकारली, मग मिळाली तेव्हा...

प्रश्न : माझी सगळी नोकरी बँकेत गेली. परवा नातवाच्या क्विझमध्ये आलं की लिव्हाय मॉर्टन नावाचा बँकवाला अमेरिकेचा व्हाइस प्रेसिडेंट होता आणि प्रेसिडेंट व्हायचा थोडक्यात राहिला. ते कसं काय?
– एक निवृत्त कॅशियर, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, हा माणूस मुळात कापडवाला. जन्म १८२४, व्हरमाँटचा, वडील पाद्री, घरची बेताचीच. न्यूयॉर्कला कापडाचा घाऊक धंदा मांडला तर १८६१ ला उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधलं सिव्हिल वॉर सुरू झालं, दक्षिणेकडची उधारी बुडाली आणि धंदा बसला, मग बँकिंगमध्ये शिरले आणि तिथे असे जमले की पुढे जुनं सगळं देणंही फेडलं.

१८७९ ला खासदार. १८८० ला त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे प्रेसिडेंटपदाचे उमेदवार गारफील्ड यांनी व्हाइस प्रेसिडेंटचं तिकीट देऊ केलं, पण पक्षातल्या त्यांच्या गटाचे पुढारी कॉंकलिंग यांना ते पटेना, म्हणून मॉर्टन नाही म्हणाले. त्याच गटातल्या आर्थरनी मात्र कुणाचं न ऐकता घेतलं, दोघे निवडून आले, आणि १८८१ मध्ये गारफील्डना गोळी लागली, सप्टेंबरात ते गेले, प्रेसिडेंट गेला की त्याची जागा व्हाइस प्रेसिडेंटला, म्हणून आर्थर प्रेसिडेंट! मॉर्टन तेव्हा पॅरिसला राजदूत. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तिथेच घडत होता, त्याचा पहिला रिव्हेट त्यांनीच ठोकला, डाव्या पायाच्या अंगठ्यात. (गारफील्डचा मारेकरी गितो, तोही पॅरिसलाच कॉन्सुलची, म्हणजे सरकारी प्रतिनिधीची, पोस्ट मिळावी म्हणून हात धुऊन मागे लागला होता, बोला!)

१८८९ ला प्रेसिडेंट हॅरिसनबरोबर एकदाचे व्हाइस प्रेसिडेंट झाले, म्हणजे सेनेटचे सभापती. खरी कसोटी इथे लागली. दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारं लॉज बिल आलं, विरोधकांनी भाषणं लांबवत लांबवत ते अडवलं, स्वपक्षाचे लोक म्हणाले तुम्ही खुर्चीवरून ते मोडून काढा, पण मॉर्टन म्हणे सभापतीने बाजू घ्यायची नाही. बिल बारगळलं. लोक याला निःपक्षपातीपणा म्हणतात, मला नाही पटत, कारण किंमत ज्यांनी मोजली ते सेनेटमध्ये बसलेले नव्हतेच ना. पक्षाने १८९२ ला त्यांचं तिकीट कापलं, हॅरिसनही पडले.

नंतर न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, १८९६ ला प्रेसिडेंटच्या उमेदवारीसाठीही नाव होतं पण पक्षातल्याच मॅकिन्लीपुढे काही चाललं नाही, मग परत बँकिंगच. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०८ ला बँक ऑफ बडोदा काढली तेव्हा हे ८४ चे, आणि तिकडे अजून स्वतःच्या ट्रस्ट कंपनीत. गेले १९२० ला, बरोबर ९६ व्या वाढदिवशी.