शेंगदाण्याला घाबरू नकोस

अगं, बाळाला सहा महिने पूर्ण झालेत ना? मग मऊ भात, नाचणी सत्त्वाच्या जोडीने शेंगदाणाही सुरू कर. ‘ॲलर्जी होईल’ म्हणून तो लांबवणं ही नेहमीची चूक. थोरलीच्या वेळी मीही केली. लंडनच्या २०१५ च्या ‘लीप’ अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना तो लवकर दिल्यावर ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली.

- अख्खा दाणा नकोच, घशात अडकतो. अगदी बारीक कूट पेजेत कालव, सुरुवातीला चमच्याच्या टोकाएवढंच.
- नवा पदार्थ सकाळी, एका वेळी एकच.
- शेंगदाणा सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा.

अंगावर खूप इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचार. ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठ. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नकोस, घरात कुणीही आग्रह केला तरी.