जळगावहून गणपतीपुळे-रत्नागिरीला सहकुटुंब जाण्यासाठी रेल्वे, बस की स्वतःची गाडी?

सोबत वयस्कर मंडळी असतील, तर माझे मत निःसंदिग्धपणे रेल्वेच्या बाजूने आहे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ आणि जळगाव येथे थांबून पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाते व रत्नागिरीलाही थांबते, त्यामुळे कल्याण किंवा ठाण्याला सामान घेऊन गाडी बदलण्याची यातायात वाचते. मात्र ती लांब पल्ल्याची गाडी असल्याने आरक्षण खुले होताच, म्हणजे साठ दिवस आधी, तिकीट काढावे. गणेशोत्सवाच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत तर याला पर्याय नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात, हेही लक्षात ठेवावे. रत्नागिरी स्थानकाहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा सागरी रस्ता निवडावा.

बसने जायचे झाल्यास पुण्याला किंवा मुंबईला बदल करावा लागतो. एसटीत महिलांना निम्मे भाडे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास असल्याने खर्च खूपच कमी होतो, परंतु सलग इतके तास बसून राहणे गुडघेदुखी असणाऱ्यांना झेपेलच असे नाही.

स्वतःची गाडी न्यायची असेल, तर चाळीसगाव, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कराड आणि कुंभार्ली घाटातून चिपळूण असा मार्ग धरता येतो. पण एकच चालक असल्यास पुण्यात मुक्काम करावाच, आणि घाट दिवसाउजेडी उतरावा. गाडीचा खरा फायदा तिकडे पोहोचल्यावर, गुहागर-जयगड फिरताना होतो.