पहिल्यांदा येतेयस ना, मग फुलं कमीच आण गं

उद्या आमच्या फुलं मांडायच्या गटात येताना झेंडूची टोपलीभर फुलं आणू नकोस गं, तीन काड्या आणि दोन शेवंत्या बास. आपण जे करतो ते इकेबाना, म्हणजे फुलं मांडायची जपानी कला, त्यात फुलांपेक्षा मधली मोकळी जागा जास्त बोलते, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

माप सोपंय, सोगेत्सु या इकेबानाच्या एका पद्धतीत ताटलीची रुंदी अधिक खोली, त्याच्या दीडपट मोठी काडी, म्हणजे ३० सेंटीमीटर रुंद आणि ६ खोल असेल तर ५४ ची, दुसरी तिच्या पाऊणपट म्हणजे ४० च्या आसपास, तिसरी परत दुसरीच्या पाऊणपट. काड्या केंझानवर, म्हणजे त्या जड खिळ्यांच्या बैठकीवर रोवायच्या. मोठी काडी जवळपास उभी, फक्त १५ अंश कललेली.

आणि देठ पाण्यातच काप. जळगावचा उन्हाळा तुला सांगायला नको, हवेत कापलं की देठात हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही, निशिगंध संध्याकाळपर्यंत मान टाकतो. मी घमेल्यात पाणी घेऊन देठ बुडवते नि तिरका काप देते, कापताना बारीक बुडबुडा येतो तो बघ.

पहिली दहा मिनिटं आम्ही कोणी बोलत नाही, फोन पिशवीत. घाबरू नकोस, नंतर चहाबरोबर भरपूर गप्पा होतात, एकमेकींची मांडणी बघून "ही काडी का वाकवलीस" असं विचारतो, मला तर तेच सगळ्यात आवडतं. तुझ्या शेतातलं केळीचं कोवळं पान मात्र नक्की आण.