बुर्रो : लोणी की गाढव?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘इटालियनमध्ये बुर्रो म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये बुर्रो म्हणजे गाढव. दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी, स्पेलिंगही तेच. मग एकाच शब्दाचे अर्थ इतके लांब कसे गेले? जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, तेही असंच झालं का?’

प्रश्न फार चांगला आहे, कारण यातली दोन उदाहरणं एका जातीची नाहीत. बुर्रो हा एक शब्द नाहीच. दोन निराळे शब्द झिजत झिजत एकसारखे दिसू लागले. गिफ्ट मात्र खरोखर एकच शब्द आहे आणि त्याचे अर्थ फुटत गेले आहेत.

आधी लोणी. ग्रीकमध्ये शब्द होता ‘बूटिरॉन’. त्यातलं ‘बूस’ म्हणजे गाय-बैल आणि ‘टिरॉस’ म्हणजे चीज. म्हणजे गाईचं चीज. ग्रीकांचा स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलावर चालायचा. लोणी हे त्यांच्या लेखी उत्तरेकडच्या सिथियन पशुपालकांचं खाणं. ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘बुटिरुम’ आलं, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘बुर’ झालं (आजचं ‘बर’), आणि इटालियनने ते तिथून उचलून ‘बुर्रो’ केलं. इंग्रजी बटर आणि जर्मन बुटर याच लॅटिन शब्दापासून.

यातल्या ‘बूस’पाशी थोडं थांबायला हवं. हा ग्रीक शब्द आणि संस्कृतातला ‘गो’ हे सख्खे भाऊ आहेत. एकीकडे ब आणि दुसरीकडे ग, मग नातं कसं मानायचं? तर हा फरक एकट्यादुकट्या शब्दापुरता नाही. ग्रीक ‘बारिस’ म्हणजे जड आणि संस्कृत ‘गुरु’ म्हणजेही जड. बॅरोमीटरमधलं ‘बॅरो’ ते हेच. मूळ भाषेत असलेल्या एका ध्वनीचा ग्रीकमध्ये पुष्कळदा ब झाला आणि संस्कृतात ग. असा नियम सापडला की नातं पक्कं होतं. नुसतं ऐकायला सारखं वाटतं म्हणून ‘हा शब्द संस्कृतातूनच गेला’ असं ठोकून देणारे संदेश सतत फिरत असतात. त्यांनी खऱ्या नात्यांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, कारण खरी नाती बहुतेक वेळा सारखी दिसतच नाहीत.

आता गाढव. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘बुरिकस’ म्हणजे लहान चणीचा घोडा, तट्टू. बरेच अभ्यासक त्याचा संबंध तांबूस रंगाच्या ‘बुरुस’ या शब्दाशी लावतात. बुरिकसचं स्पॅनिशमध्ये ‘बोर्रिको’ झालं, अर्थ गाढव. पुढची गंमत बोलणाऱ्यांनी केली. स्पॅनिशमध्ये ‘-इको’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे. त्यामुळे बोर्रिको म्हणजे ‘छोटं गाढव’ असा समज झाला आणि लोकांनी शेपूट कापून ‘मोठं गाढव’ तयार केलं : बुर्रो. आधी मूळ आणि मग प्रत्यय, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा झाला आहे. लोण्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘मांतेकिया’ हा वेगळाच शब्द आहे.

पुण्या-मुंबईतल्या मेन्यूकार्डांवर हे दोन्ही बुर्रो आता शेजारी भेटतात. इटलीतल्या पुलिया भागातलं बुर्राटा हे चीज लोण्याच्या बुर्रोचं. बाहेर मोझरेलाची पिशवी आणि आत साय. मेक्सिकोचा बुरिटो हा गाढवाच्या बुर्रोचा, शब्दशः ‘गाढवाचं पिल्लू’ किंवा ‘छोटं गाढव’.

मराठीत असं होत नाही असं नाही. गिरणीतलं पीठ संस्कृत ‘पिष्ट’पासून प्राकृताच्या वाटेने आलं. विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. आणि हिंदीत पीठ म्हणजे पाठ, ती ‘पृष्ठ’पासून. तीन मुळं, रूप एकच. बुर्रोची गोष्ट नेमकी हीच आहे.

गिफ्टची तऱ्हा वेगळी. जर्मनिक भाषांमध्ये ‘देणे’ या क्रियापदापासून ‘गिफ्ट’ तयार झालं, अर्थ दिलेली वस्तू. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगी असाच होता. मग विष कुठून आलं? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे ‘देणं’, एका वेळी द्यायचं तेवढं. हा शब्द लॅटिनमधून जर्मनांपर्यंत पोचला आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या ‘गिफ्ट’वर चढवला. द्यायची मात्रा, मग द्यायचं जहर. भयंकर गोष्टीचं नाव टाळायची माणसाची सवयही इथे मदतीला आली असणार. आपल्याकडेही ‘त्याला कुणीतरी काहीतरी दिलं’ किंवा ‘खायला घातलं’ एवढंच म्हणतात. काय ते कुणी बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावंही लागत नाही. हळूहळू जर्मनमध्ये विषाचा अर्थ उरला आणि देणगीचा गेला.

पण जुना अर्थ पुसला गेला नाही. जर्मनमध्ये हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, म्हणजे मुलीसोबत दिलेलं. जर्मन शिकणारा माणूस हा शब्द पहिल्यांदा वाचून ‘सोबतचं विष’ असा अर्थ लावतो, आणि हुंड्याच्या बाबतीत तो पटतोही. पण व्युत्पत्ती ती नव्हे. डच भाषेत दोन्ही अर्थ नांदतात : ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी आणि विषाला आता बहुधा ‘गिफ’ किंवा ‘फरगिफ’ म्हणतात.

सर्वांत जास्त गोंधळ स्वीडिशमध्ये. तिथे ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘विवाहित’सुद्धा. उच्चार मात्र ‘यिफ्ट’. विवाहाचा अर्थ ‘मुलगी देणे’ यातून आला, आपण ‘मुलगी दिली’ म्हणतो तसाच. इंग्रजीतही अगदी जुन्या काळी हा शब्द वधूमूल्यासाठी होता आणि त्याचं अनेकवचन लग्नासाठी. तेव्हा इंग्रजांचा उच्चारही य ने सुरू व्हायचा. आजचा कठीण ग त्यांनी व्हायकिंगांच्या भाषेकडून घेतला. त्या व्हायकिंगांचे स्वीडिश वंशज आता य म्हणतात.

डोसिसमधलं मूळ आणि आपलं ‘दा’ एकच. म्हणून डॉक्टर देतात तो डोस आणि आपलं दान, देणं ही एकाच घरची माणसं. लॅटिनमध्ये याच मुळापासून हुंड्याचा शब्द ‘डोस’ झाला आणि इंग्रजीतली ‘डाउरी’ त्याच्यापासून. विषाचे इतर शब्दही असेच कुठल्या तरी साध्या क्रियेतून आलेले. पॉयझन हा लॅटिन ‘पोतिओ’ म्हणजे ‘पेय’ यापासून फ्रेंचमार्गे आला, आणि त्याचं मूळ तेच ‘पा’, ज्यापासून आपलं पाणी. संस्कृत ‘विष’चा खरा लॅटिन भाऊ कोण, तर व्हायरस.

वाचकाने पुढे स्वतः तपासून बघायला एक शब्द सुचवतो : पापा. स्पॅनिशमध्ये ‘एल पापा’ म्हणजे पोप, ‘ला पापा’ म्हणजे बटाटा, आणि शेवटी जोर दिला की ‘पापा’ म्हणजे बाबा. पोप आणि बाबा हे दोन्ही मुळात तान्ह्या मुलांच्या बोलीतले. बटाट्याचा पापा मात्र दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेचा, त्याचा या दोघांशी काडीचाही संबंध नाही. ‘एल’ पुल्लिंगी शब्दाआधी येतो आणि ‘ला’ स्त्रीलिंगी. असं लिंग बदललं की आधी शंका घ्यावी, ती इथे खरी ठरते. स्पेनमध्ये बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात. हा पापा आणि कॅरिबियन बेटांवरचा ‘बाताता’ यांच्या भेसळीतून झालेला शब्द. तोच बाताता पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. त्या बेटांवर तो रताळ्याला म्हणत, तेव्हा आपल्या बटाट्याचं नाव मुळात रताळ्याचं आहे.