ऱ्योकानमध्ये उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

जपानमधील ऱ्योकान, म्हणजे पारंपरिक धर्तीची निवासगृहे, आणि तेथील ओन्सेन, म्हणजे भूगर्भातून येणाऱ्या उष्ण पाण्याची स्नानकुंडे, यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी, माझे पती आणि सासूबाई ओन्सेन असलेल्या ऱ्योकानमध्ये दोन रात्री राहणार आहोत. तेथे सर्वांसोबत विवस्त्र स्नान करावे लागते हे कळल्यापासून सासूबाई अस्वस्थ आहेत. त्यांचे वय ६७ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय त्यांच्या दोन्ही हातांवर लहानपणी काढलेले गोंदण आहे, आणि गोंदलेल्या माणसांना कुंडात उतरू देत नाहीत असे मी वाचले आहे. बेत रद्द करावा का?

उत्तर : बेत रद्द करू नका, पण तिन्ही शंका खऱ्या आहेत, म्हणून एकेक पाहू. सुरुवात गोंदणापासून करतो, कारण दारातून परत फिरण्याची वेळ येऊ शकते ती त्यामुळेच. जपानमध्ये अंगावरील गोंदणाचा संबंध दीर्घकाळ गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला, त्यामुळे अनेक सार्वजनिक स्नानगृहांनी सरसकट बंदी घातली. ही बंदी हेतू पाहत नाही. २०१३ साली होक्काइदो बेटावरील एका स्नानगृहाने न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी, म्हणजे त्या देशातील मूळ रहिवासी समाजाच्या, विदुषीला चेहऱ्यावरील परंपरागत गोंदणामुळे प्रवेश नाकारला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पुढे २०१६ मध्ये जपानच्या पर्यटन विभागाने परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत समजूतदारपणा दाखवावा, असे स्नानगृहांना सुचवले, मात्र निर्णय अजूनही ज्या-त्या ठिकाणाच्या चालकांचाच असतो. म्हणून आरक्षण करतानाच, गोंदण केवढे आहे आणि कुठे आहे हे लिहून स्पष्ट विचारणा करावी. ते लहान असेल तर त्यावर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून प्रवेश देणारी ठिकाणे आहेत. ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गावी तर सातही सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालते. तेथे ऱ्योकानमध्ये उतरलेले पाहुणे युकाता, म्हणजे सुती अंगरखा, आणि लाकडी पादत्राणे घालून संध्याकाळी एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात असतात. तुमच्या सासूबाईंना हे गाव आवडेल असे मला मनापासून वाटते.

आता संकोचाविषयी. बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असतात आणि दारावरच्या कापडी पडद्यांवरून ती ओळखता येतात. अनेक ऱ्योकानमध्ये रात्री किंवा पहाटे या जागांची अदलाबदल होते, म्हणून काल जेथे गेलो तेथेच आज सवयीने शिरू नये, पडदा पाहूनच आत जावे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. कपडे टोपलीत ठेवून फक्त एक छोटा टॉवेल बरोबर घ्यायचा, आणि हा टॉवेल अंगासमोर धरून चालण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. तरीही मन तयार होत नसेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुष्कळ ऱ्योकानमध्ये काशिकिरी नावाची सोय असते, म्हणजे एक लहान कुंड साधारण पाऊण तासासाठी केवळ तुमच्याकरिता राखून ठेवले जाते आणि दाराला आतून कडी लावता येते. सासूबाई आणि तुम्ही दोघीच त्यात निवांत बसू शकाल, आणि गोंदणाचा प्रश्नही तेथेच मिटेल. पोहोचल्या पोहोचल्या ही वेळ मागून घ्यावी, कारण संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात. स्वतंत्र कुंड असलेल्या खोल्याही मिळतात, पण त्या बऱ्याच महाग असतात.

कुंडात उतरण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र कसोशीने पाळावी लागते. कुंड अंग धुण्यासाठी नसून स्वच्छ अंगाने पाण्यात बसून राहण्यासाठी असते. म्हणून आधी भिंतीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने सर्वांग धुवायचे, साबणाचा अंशही राहणार नाही असे पाणी घ्यायचे, केस लांब असल्यास वर बांधायचे आणि मगच पाण्यात पाय ठेवायचा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवतात. एकच पाणी अनेकजण वापरत असल्यामुळे या नियमांविषयी तेथील माणसे फार हळवी आहेत, आणि तो हळवेपणा मला योग्यच वाटतो.

रक्तदाबाबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांचे मत घेतलेच पाहिजे. कुंडातील पाणी बहुधा ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. त्यात एकदम उतरू नये, आधी पायांवर, मग खांद्यांवर तांब्या-दोन तांब्ये पाणी घेऊन अंगाला ऊब सरावू द्यावी. पहिल्या वेळी तीन-चार मिनिटे पुरेत. बाहेर येताना झटकन उठू नये, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि उभे राहताच घेरी येऊ शकते. भरल्या पोटी किंवा मद्य घेतल्यावर उतरणे टाळावे, आधी आणि नंतर पाणी प्यावे, आणि सासूबाईंना एकट्या सोडू नये.

प्रश्न : आम्ही कटाक्षाने शाकाहारी आहोत. ऱ्योकानच्या दरात रात्रीचे जेवण आणि न्याहारी धरलेली असते असे कळते. आमची सोय होईल का?

उत्तर : होईल, पण तेथे जाऊन सांगितल्यास बहुधा होणार नाही. ऱ्योकानमधील रात्रीचे जेवण हा त्या मुक्कामाचा अर्धा प्राण असतो. ऋतूनुसार ठरवलेले अनेक लहान लहान पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांची तयारी पाहुणे येण्याआधीच झालेली असते. खरी अडचण ताटात दिसणाऱ्या माशाची नसून न दिसणाऱ्या माशाची आहे. दाशी नावाचा जो अर्क जपानी स्वयंपाकाचा पाया आहे, तो बहुतेक वेळा समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापांपासून काढतात, आणि तो मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सुपात, उकडलेल्या भाज्यांत, तळलेल्या भाज्यांसोबतच्या पातळ सॉसमध्ये, सगळीकडे असतो. केवळ ‘शाकाहारी’ एवढेच कळवल्यास मांस वगळून मासे वाढले जाण्याची शक्यता असते. म्हणून मांस, मासे आणि माशाचा अर्क यांपैकी काहीही चालत नाही, आणि अंडी व दूध चालते किंवा चालत नाही, हे वेगवेगळे आणि जपानी भाषेत लिहून आरक्षणाच्या वेळीच कळवावे व होकार आल्यावरच पैसे भरावेत. काही ठिकाणी नम्रपणे नकार येतो, आणि खोटा होकार देण्यापेक्षा तो बरा. अशा वेळी जेवणाशिवाय राहण्याचा पर्याय मागता येतो. त्याला सु-दोमारी म्हणतात.

माझे मत विचाराल तर तुमच्यासारख्या कुटुंबाने एक रात्र कोयासान येथे काढावी. वाकायामा प्रांतातील डोंगरमाथ्यावरचे हे क्षेत्र बौद्ध आचार्य कूकाई यांना ८१६ साली मिळाले. तेथील सुमारे पन्नास मंदिरे यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवून घेतात. तातामीच्या चटया, सरकते कागदी दरवाजे, जमिनीवरची गादी हे सारे ऱ्योकानसारखेच असते, पण जेवण शोजिन पद्धतीचे, म्हणजे भिक्षूंच्या आहाराप्रमाणे मांस-मासे नसलेले असते आणि त्यात परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. अर्क शेवाळ आणि सुकवलेल्या अळंब्यांचा काढतात. तिळाच्या पिठापासून केलेले मऊ ‘तोफू’, म्हणजे पनीरसारखा पदार्थ, आणि गोठवून सुकवलेले सोयाबीनचे तोफू हे तेथील खास पदार्थ आहेत. तेथे उष्ण झऱ्याच्या स्नानाची अपेक्षा मात्र धरू नये, ते इतरत्र अनुभवावे.

प्रश्न : ऱ्योकानचे दर एवढे चढे का? आणि रात्री नऊला पोहोचलो तर चालेल का?

उत्तर : दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात दोन जेवणे येतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. मध्यम प्रतीच्या ठिकाणी माणशी १५ ते ३० हजार येन धरून चालावे. शनिवारी आणि सुट्ट्यांच्या आदल्या रात्री तो वाढतो. याखेरीज स्नानाचा एक छोटा स्थानिक कर असतो, जो अनेक गावांत माणशी १५० येन आहे. नऊ वाजता पोहोचणे मात्र चालणार नाही. साधारण तीनपासून खोली मिळते, जेवण सहा ते सातच्या सुमारास सुरू होते आणि तुम्ही जेवत असताना खोलीत अंथरुणे घातली जातात. चारला पोहोचा, जेवणाआधी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा स्नान करा. सकाळी बहुधा दहाला खोली सोडावी लागते. युकाता घालताना डावी बाजू उजव्या बाजूवर येऊ द्यावी, कारण उलटी पद्धत मृतदेहाला वस्त्र नेसवताना वापरतात.

प्रश्न : ओन्सेनचे पाणी खरोखर वेगळे असते, की साधे पाणी तापवून देतात?

उत्तर : ओन्सेन हा शब्द जपानमध्ये कायद्याने बांधलेला आहे. १९४८ च्या कायद्यानुसार उगमापाशी पाणी किमान २५ अंशांचे असावे लागते, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असावा लागतो. त्यामुळे काही ठिकाणी पाणी तापवावे लागते, तर गुन्मा प्रांतातील कुसात्सूसारख्या ठिकाणी ते इतके कढत येते की पूर्वापार लांब फळ्यांनी ढवळून निववत असत. पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता कपडे बदलण्याच्या खोलीत लावलेला असतो. कोबेजवळच्या आरिमा येथे लोहामुळे पाणी गंजासारखे तांबूस दिसते, आणि ते पांढऱ्या टॉवेलवर डाग सोडते. कुसात्सूचे पाणी तीव्र आम्लधर्मी आहे, म्हणून नाजूक त्वचेच्या माणसांनी शेवटी साध्या पाण्याने अंग धुवावे. एरवी अनेकजण ते खनिज अंगावर राहावे म्हणून पुन्हा पाणी घेत नाहीत. गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण आणि जोडवी काढून खोलीतच ठेवावीत.